साक्षीचं समन्स आलं तर रजा कोणाची?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला साक्षीचं समन्स आलं आणि खटल्यात त्याचा स्वतःचा खासगी हितसंबंध नसला, तर त्याला विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते. नेहमीच्या नैमित्तिक रजेतून तो दिवस कापला जात नाही. याच तरतुदीत ज्यूरर, म्हणजे खटल्यात निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचा (ज्यूरीचा) सदस्य, म्हणून बोलावणं येण्याचाही उल्लेख होता. आपल्याकडची ज्यूरी कधीच गेली. स्वतःचा जमिनीचा दावा असेल तर मात्र स्वतःच्या खात्यातली रजा टाकावी लागते, आणि ते रास्तच आहे.

खासगी नोकरीत असं काही नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत; साक्षीसाठी वेगळी एकही नाही. मी अपघाताच्या केसमध्ये साक्षीदार होतो. सकाळी साडेदहापासून कोर्टाच्या बाकावर बसलो, शिपायाने नाव पुकारलं, आणि वकील गैरहजर म्हणून पुढची तारीख पडली. दोन तारखांत दोन रजा गेल्या.

माझ्या मते सरकारी नियमच योग्य आहे. खासगीत असाल तर समन्सची झेरॉक्स आधीच एचआरला द्या आणि कोर्टातून हजेरीचा दाखला न घेता निघू नका.