टोक्स ७५० मिली टायटॅनियम पॉट: पाणी झकास, पिठल्याची पंचाईत

टोक्स कंपनीच्या, ट्रेकला न्यायच्या या भांड्याचं वजन झाकणासकट १०३ ग्रॅम, झाकण घरी ठेवलं तर ८६. व्यास ९५ मिलिमीटर आणि उंची साधारण ११ सेंटिमीटर, म्हणजे पातेलं कसलं, उभट डबाच. बाजूला दुमडणारे दोन कान, आतून-बाहेरून कसलाही लेप नाही, अंगावर मिलीच्या खुणा कोरलेल्या. ११० ग्रॅमचा गॅस कॅनिस्टर (बर्नरला जोडायची गॅसची छोटी टाकी) आत बसतो आणि वरच्या जागेत छोटा बर्नर, लायटर मावतो. सॅकमध्ये सगळं स्वयंपाकघर एका डब्यात, ही या मापाची खरी गंमत. २३० ग्रॅमचा कॅनिस्टर मात्र यात जात नाही, त्याचा घेरच जास्त.

टायटॅनियम हलकं म्हणून भांडं हलकं, हे अर्धंच खरं. एक घनसेंटिमीटर टायटॅनियम साडेचार ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम २.७ आणि स्टील आठाच्या जवळ. म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षा टायटॅनियम जडच. पण ते इतकं चिवट की भांड्याची भिंत ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवली तरी आकार टिकतो. ॲल्युमिनियम एवढं पातळ केलं तर सॅकमध्येच चेपेल. वजन वाचतं ते या पातळपणामुळे, आणि या भांड्याच्या बहुतेक तक्रारीही त्यातूनच निघतात.

ॲल्युमिनियममधून उष्णता टायटॅनियमच्या दहापट सहज वाहते. पाणी उकळताना याने फारसं बिघडत नाही. तळ पातळ असल्यामुळे आच सरळ आरपार जाते आणि पुढचं काम पाणी स्वतः फिरून करतं. अर्धा लिटर पाण्याला, वारा अडवलेला असेल तर, सात-आठ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे ११० ग्रॅमच्या कॅनिस्टरमध्ये चौदा-पंधरा वेळा पाणी उकळतं. उघड्या माचीवर, वाऱ्यात, हाच हिशोब सहज दीडपट होतो. वारा अडवायला सॅक किंवा दगड लांबून लावा. कॅनिस्टरवर बसणाऱ्या बर्नरला पत्र्याचा आडोसा चहूबाजूंनी गुंडाळू नका. कॅनिस्टर तापला तर फुटू शकतो.

अडचण येते ती घट्ट पदार्थाला. आच तळाच्या मध्यावर जिथे लागते तिथेच राहते, कडेला पसरत नाही. मध्ये रुपयाएवढा काळा डाग, भोवती कच्चे तांदूळ, हे दृश्य टायटॅनियममध्ये पहिल्यांदा भात लावणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतं. बर्नर किती ग्रॅमचा यापेक्षा त्याची ज्योत किती रुंद हे इथे महत्त्वाचं. बीआरएस-३०००टी हा २५ ग्रॅमचा बर्नर या भांड्यासोबत हमखास घेतला जातो. चहाच्या पाण्याला ही जोडी झकास, पण त्याची ज्योत चिंचोळी, त्यामुळे भाताला नको. सोटो विंडमास्टरसारखा पसरट तोंडाचा बर्नर थोडा जड असला तरी करपणं बरंच कमी करतो.

तरीही यात भात होतो, पण घरची रीत सोडावी लागते. १०० ग्रॅम कोलम अर्धा तास भिजवा, निथळा, २५० मिली पाणी आणि मीठ घाला. झाकण न ठेवता मध्यम आचेवर उकळी आणा. उकळी आली की ज्योत अगदी बारीक करा आणि तीन मिनिटं तळापासून ढवळत राहा. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की झाकण लावून बर्नर बंद. मग डबा लोकरी टोपीत किंवा जाड टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं हातही लावू नका. शिजण्याचा मोठा भाग ज्योतीवर नाही, त्या टोपीत होतो. पातळ भिंत उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून गुंडाळण्यात आळस केला तर भात कचकचीत राहतो. मूगडाळीची खिचडी याच रीतीने होते. फक्त डाळ तासभर भिजवा आणि पाणी ३५० मिली घ्या. तूरडाळीच्या नादाला मात्र लागू नका. हिमालयात चार हजार मीटरवर तर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे डाळीला प्रेशर कुकरच हवा.

पिठल्याची खरी पंचाईत. बेसन तळाला बसतं आणि बसलं की करपतं. त्यातल्या त्यात जमणारा मार्ग असा: बेसन घरीच तेलावर खमंग भाजून तिखट, मीठ, हिंग, जिरं घालून कोरडं न्यायचं. ३०० मिली पाणी उकळून भांडं खाली उतरवायचं. ५० ग्रॅम बेसन थोड्या गार पाण्यात कालवून त्यात ओतायचं, गुठळ्या मोडायच्या आणि मग परत बारीक ज्योतीवर धरायचं. ज्योत तळाच्या मध्याला नको, कडेला लागू द्या आणि दर पंधरा-वीस सेकंदांनी भांडं थोडं फिरवा. दोन-तीन मिनिटांत दाटतं. एवढं करूनही तव्यावरच्या पिठल्याची सर येत नाही ती नाहीच.

या भांड्याला शोभतो तो उकळतं पाणी ओतून होणारा स्वयंपाक. घरी फोडणी देऊन भाजलेला रवा ६० ग्रॅम, पाणी साधारण पावणेदोनशे मिली, झाकून सात-आठ मिनिटं: उपमा तयार. फोडणीचे कोरडे पोहे असतील तर पाणी त्याहून बरंच कमी. मॅगीचं एक पाकीट आरामात, दोन कशीबशी. खूण ७५० मिलीपर्यंत असली तरी साडेपाचशे-सहाशेच्या वर भरू नका. भांडं उभट आहे, उकळी आली की सरळ बर्नरवर उतू जाते. दुधाचा चहा यात उकळणं म्हणजे तळाला साय चिकटवून घेणं. कोरा चहा करून खाली उतरवल्यावर दूध पावडर घालावी.

कानांना रबराचं आवरण नाही. चुलीवर ठेवणाऱ्यांना हे सोयीचं, कारण जळायला काही नाही. गॅसवर ज्योत मोठी ठेवली की ती बाजूने वर चढते आणि कान पोळतात. ज्योत तळाच्या आत ठेवली तर हात भाजत नाही आणि गॅसही वाचतो. घरची पकड वापरण्याचा मोह टाळा. एवढ्या पातळ काठावर पकड आवळली की काठ वाकतो आणि मग झाकण बसत नाही. काठ वाकलाच तर लाकडी उलथन्याच्या दांड्याने आतून हळूहळू दाबून गोल करता येतो. चमचा २० सेंटिमीटरच्या वरचा, लांब दांड्याचाच घ्या, नाहीतर तळाचा घास काढताना बोटं उपम्यात.

नवं भांडं आणल्यावर साबणाने धुऊन दोनदा पाणी उकळून फेकून द्या, कारखान्याच्या तेलाचा वास जातो. काही दिवसांत तळाला निळी, सोनेरी, जांभळी झाक येते. ती वरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी बदलल्यामुळे दिसते. विषारी नाही, घासून घालवायची गरज नाही. करपलं तर थोडं पाणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून उकळा, रात्रभर ठेवा. लेप नसल्याने राख किंवा बारीक वाळूने घासलं तरी ओरखड्यांपलीकडे काही होत नाही. कोकम, चिंच, लिंबू कशानेच हा धातू कळकत नाही. साध्या ॲल्युमिनियमच्या टोपावर किंवा कल्हई गेलेल्या पितळेवर या बाबतीत तो सरळ मात करतो. फक्त रिकामं भांडं ज्योतीवर विसरू नका. ते वितळणार नाही (त्याला १६६८ अंश लागतात), पण पातळ तळ फुगतो आणि पुढे बर्नरवर डुगडुगतो.

दुहेरी भिंतीचे टायटॅनियम मग वेगळी जात. दोन भिंतींमध्ये हवा कोंडलेली असते, ती तापून मग फुटू शकतो. चहा प्यायला घ्या, ज्योतीवर कधीही ठेवू नका.

स्वस्तात मिळालेलं भांडं खरं टायटॅनियम आहे का, हे चुंबकाने कळत नाही. बऱ्याच स्टीललाही चुंबक चिकटत नाही. आधी वजन पाहा. याच मापाचं साधं भांडं दीडशे ग्रॅमच्या वर गेलं तर शंका घ्या. दुसरं म्हणजे ओल्या काचेवर किंवा खरखरीत फरशीच्या तुकड्यावर काठ दाबून ओढा. टायटॅनियम करडी रेघ सोडतं, स्टील सहसा सोडत नाही.

आता घ्यावं कुणी? हिमालयात तंबू, शिधा सगळं स्वतःच्या पाठीवर घेऊन पाच-सात दिवस चालणाऱ्या एकट्या-दुकट्याने डोळे झाकून घ्यावं. स्वयंपाकी आणि खेचरं सोबत असलेल्या ट्रेकला कुणाचंच स्वतःचं भांडं लागत नाही. तोरणा-राजगडसारख्या दोन दिवसांच्या ट्रेकला तीन लिटर पाणी पाठीवर घेतलेलं असताना भांड्याचे पन्नास-साठ ग्रॅम वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमच्या कित्येक पट पैसे मोजणं हौसेचा मामला आहे, आणि हौसेला मोल नसतं हेही खरं. आठ-दहा जणांच्या गटाला याचा काडीचा उपयोग नाही. तिथे ॲल्युमिनियमचा टोप, मोठा डाव आणि ढवळायला दोन माणसं हवीत. दोघंजण असाल आणि रोज भात-पिठलंच हवं असेल तर ॲनोडाइझ्ड (वर ऑक्साइडचा कडक थर चढवलेल्या) ॲल्युमिनियमचं, पसरट तळाचं, लिटरभराचं भांडं घ्या.