दादाचा व्हॉल्व्ह दुरुस्त होणार होता

दादाच्या डिस्चार्जच्या फाइलमध्ये शेवटून तिसऱ्या पानावर एक स्टिकर आहे. त्यावर व्हॉल्व्हचं माप, सिरीयल नंबर आणि बारकोड. घरी आल्यावर मी ते कौतुकाने वहिनीला दाखवलं होतं, "हा बघ, दादाचा नवा व्हॉल्व्ह." दोन महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तेच पान उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "याला मेकॅनिकल व्हॉल्व्ह का बसवला?" त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मेकॅनिकल म्हणजे धातू-कार्बनची कृत्रिम झडप. आम्ही दादाच्या हृदयाचा स्वतःचा व्हॉल्व्ह दुरुस्त करायला गेलो होतो.

चोपन्नाव्या वर्षी दादाला जिना चढताना दम लागायला लागला. आधी वजनावर ढकललं, मग वयावर. तो उशीवर उशी ठेवून झोपायला लागला तेव्हा वहिनीने ओढतच नेलं. इकोमध्ये मायट्रल व्हॉल्व्हची तीव्र गळती निघाली. हा व्हॉल्व्ह हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे असतो. त्याला दोन पडदे असतात आणि ते उलटे पलटू नयेत म्हणून खालून तंतूंनी बांधलेले असतात. दादाचा मागच्या पडद्याचा एक तंतू तुटला होता. इको करणाऱ्या डॉक्टरबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. पडद्याचं टोक दर ठोक्याला वरच्या कप्प्यात फडफडत होतं, दोरी सुटलेल्या ताडपत्रीसारखं.

हृदयरोगतज्ज्ञांनी त्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. ऑपरेशन लागेल, कारण इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ५८ वर आलंय आणि या आजारात ते ६० पर्यंत उतरलं की थांबायचं नसतं. पण मागच्या पडद्याची ही गळती दुरुस्तीला सगळ्यात सोपी. "व्हॉल्व्ह बदलायची वेळ सहसा येत नाही. घाई नाही, गोळ्यांवर दोन-चार आठवडे निघतील. तेवढ्यात चांगला हात शोधा."

हात शोधायचं काम माझ्याकडे आलं. घरात मोबाइलवर सगळ्यात जास्त वेळ घालवणारा मीच, एवढीच माझी पात्रता.

आता बघा मी काय शोधलं. किती वर्षांचा अनुभव, एकूण किती ऑपरेशन्स, किती सत्कार. एका ओळखीच्यांनी एका गृहस्थांचा नंबर दिला. सगळे त्यांना काका म्हणायचे. हार्टच्या पेशंटना 'निःस्वार्थ' मदत करतात, असं कळलं. फोनवर त्यांचा आवाज इतका आश्वासक की पहिल्या पाच मिनिटांत मी त्यांना दादाची लहानपणची दुखणीसुद्धा सांगून बसलो. त्यांनी एकच नाव घेतलं. ते नाव आम्हीही ऐकलेलं होतं. "साहेबांनी हजारो हार्ट केलीत. तुम्ही निर्धास्त राहा."

हजारो हार्ट! त्या हजारांत बायपास किती, व्हॉल्व्ह किती, त्या व्हॉल्व्हमध्ये मायट्रल किती आणि त्यातले दुरुस्त किती झाले, हे विचारायचं मला सुचलंच नाही. बायपासमध्ये हात बसलेला सर्जन मायट्रल दुरुस्तीतही तितकाच तरबेज असेल, असं धरून चालता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या आकडेवारीवर २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला पंचवीसहून जास्त मायट्रल ऑपरेशन्स करणाऱ्या सर्जनच्या हातून व्हॉल्व्ह दुरुस्त होण्याचं प्रमाण, क्वचित करणाऱ्यांच्या मानाने कितीतरी जास्त आढळलं. म्हणजे एकाच पेशंटचा व्हॉल्व्ह एका टेबलावर वाचतो आणि दुसऱ्या टेबलावर कापून बादलीत जातो. हे मी वाचलं, पण दादाच्या ऑपरेशननंतर.

काकांनी एका 'बऱ्या झालेल्या पेशंट'शी फोनवर बोलणंही करून दिलं. दोनच मिनिटं. समोरचा माणूस म्हणाला, "अहो, मी आता रोज चार किलोमीटर चालतो. साहेब म्हणजे देव." आमचं काम तिथेच झालं. पुढे योगायोगाने कळलं, त्या देवमाणसाच्या भक्ताची बायपास झाली होती. व्हॉल्व्हशी त्याचा काही संबंध नव्हता.

काकांच्या साहेबांची, म्हणजे मोठ्या डॉक्टरांची भेट झाली. मी घड्याळ बघत नव्हतो, वहिनी बघत होती. ती म्हणते सात मिनिटं. इकोची सीडी त्यांनी लावली नाही, फक्त रिपोर्टचा कागद वाचला. मग लेटरहेडवर झरझर व्हॉल्व्हचं चित्र काढलं आणि फाटक्या जागी दोन टाके दाखवले. "रिपेअर होऊन जाईल. माझ्यावर सोडा." चित्र खरंच सुंदर होतं. आम्ही ते जपून ठेवलंय.

मी चाचरत म्हटलं, "आणखी एकाला दाखवून घ्यावं म्हणतोय." मोठे डॉक्टर हसले. बाहेर आल्यावर काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दहा जणांना विचाराल तर दहा मतं मिळतील. परवा एक तारीख अचानक रिकामी झालीय, नंतर दीड महिना नाही. भाऊ तुमचा आहे, निर्णय तुमचा." या शेवटच्या वाक्याने भल्याभल्यांची विकेट जाते. दोन-चार आठवडे आहेत, हे आमच्या तज्ज्ञांनी सांगितलेलं मला आठवत होतं, तरीही मी त्याच दुपारी आगाऊ रक्कम भरून मोकळा झालो. ती परत मिळत नाही, हे पावतीच्या मागच्या बाजूला छापलं होतं.

आदल्या रात्री साडेदहाला संमतीपत्र आलं. चार पानं. दादाला झोपेची गोळी दिलेली, म्हणून सही वहिनीने केली. खरं तर पेशंट स्वतः शुद्धीवर आणि निर्णय घेण्याच्या स्थितीत असेल तर समजावून सांगून सही त्याचीच घ्यायला हवी, आणि ती गोळी देण्याआधी. वाचायचा चष्मा वहिनीच्या पर्समध्ये नव्हता. नर्सने बोटाने जागा दाखवली, इथे, इथे आणि इथे. आज ती प्रत समोर आहे. ऑपरेशनच्या नावासमोर लिहिलंय 'मायट्रल व्हॉल्व्ह रिप्लेसमेंट'. दुरुस्तीचा उल्लेख कुठेही नाही. सर्जनच्या रकान्यात मोठ्या डॉक्टरांचं आडनाव आणि पुढे 'व टीम'. मी शेजारीच उभा होतो आणि पार्किंगच्या पावतीवर शिक्का कुठे मिळेल ते विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण सर्जन बाहेर आले. त्यांना आम्ही आधी कधीच पाहिलं नव्हतं. कपाळावर टोपीचा वळ उमटलेला, डोळे लाल. "व्हॉल्व्ह फारच खराब होता, बदलावा लागला. पेशंट स्थिर आहे." आम्ही हात जोडले. त्या क्षणी 'स्थिर' एवढाच शब्द ऐकू येतो. मोठे डॉक्टर तिसऱ्या दिवशी राउंडला आले, दादाच्या गालावर टिचकी मारली आणि पुढच्या कॉटकडे गेले.

इथे एक सांगायला हवं. दुरुस्ती जमली नाही म्हणून व्हॉल्व्ह बदलणं हा गुन्हा नाही. संधिवाताच्या तापाने पडदे जाड आणि ताठ झालेले असतील, चुना साचलेला असेल, तर चांगल्या चांगल्यांना बदलावा लागतो. कृत्रिम व्हॉल्व्हमुळे १९६० पासून असंख्य जीव वाचलेत. त्या तरुण सर्जनने बसवलेला व्हॉल्व्हही उत्तम चालतोय. माझं भांडण व्हॉल्व्हशी नाहीच.

भांडण कागदांशी आहे. दुसऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही हॉस्पिटलकडे पूर्ण रेकॉर्ड मागितलं. 'डिस्चार्ज कार्ड दिलंय की' असं म्हणत हॉस्पिटलवाल्यांनी तीन चकरा मारायला लावल्या. चौथ्या खेपेला लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली, तेव्हा गठ्ठा मिळाला. ऑपरेशनच्या नोंदीत सर्जन म्हणून त्या तरुण डॉक्टरांचं नाव. मोठ्या डॉक्टरांचं नाव कुठेच नाही. दुरुस्तीचा प्रयत्न केल्याची एक ओळ नाही. दुरुस्ती करतात तेव्हा व्हॉल्व्हच्या घेराला आधार म्हणून बहुतेक वेळा एक रिंग शिवतात. पडदे नीट मिटतात का हे पाहायला खालच्या कप्प्यात सलाइन भरून बघतात. मग हृदय पुन्हा चालू झालं की घशातून अन्ननलिकेत नळी घालून इको करतात आणि गळती उरली असेल तर तिथल्या तिथे पुन्हा हात घालतात. यातल्या कशाचीही नोंद नव्हती. गठ्ठ्याच्या तळाशी एक छोटी चिठ्ठी सापडली, स्टोअरमधून सामान मागवण्याची. मेकॅनिकल मायट्रल व्हॉल्व्ह, तीन मापांचे. राखीव म्हणून व्हॉल्व्ह मागवून ठेवतात, हे मान्य. पण त्या चिठ्ठीवर रिंग एकही नव्हती. तारीख आदल्या दिवशीची, वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. वहिनीच्या सहीच्या सहा तास आधी दादाचा व्हॉल्व्ह बदलायचं ठरलं होतं.

आणि मोठे डॉक्टर त्या दिवशी कुठे होते, हे आम्हाला काकांनीच सांगितलं. त्यांच्या पेशंट-नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मीही होतो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पावणेअकराला त्यांनी फोटो टाकला होता: साहेब दुसऱ्या शहरात परिषदेत भाषण करताना. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. त्या रांगेत एक माझा आहे.

दादाच्या वाट्याला काय आलं तेही लिहितो, म्हणजे दुरुस्ती आणि बदल यात फरक काय ते कळेल. दुरुस्त झालेल्या व्हॉल्व्हला रक्त पातळ करायची गोळी, दिलीच तर बहुधा काही महिनेच लागते. मेकॅनिकल व्हॉल्व्हला ती आयुष्यभर. तीही जुनी वॉरफरिनच, कारण नव्या गोळ्या या व्हॉल्व्हला चालत नाहीत. त्यातल्याच डॅबिगॅट्रान या गोळीची तशी चाचणी २०१२ साली मधेच थांबवावी लागली होती. दादाचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, अडीच ते साडेतीनच्या मधे राहायला हवा. खाली गेला तर व्हॉल्व्हवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. दात काढायचा तर आधी डॉक्टरांना विचारा, गुडघा दुखला तरी मनाने गोळी घेऊ नका. पर्याय म्हणून प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेला व्हॉल्व्ह असतो. त्याला ही गोळी जन्मभर लागत नाही, पण तो साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजतो आणि वय कमी असेल तर लवकर. चोपन्नाव्या वर्षी यातलं काय पत्करायचं हे दादाने ठरवायचं होतं. त्याला कुणी विचारलंच नाही.

शिवाय तो वाजतो. रात्री घर शांत झालं की टिक, टिक, टिक. तोंड उघडलं की जास्त. वहिनी म्हणते, आता तिला त्याशिवाय झोप येत नाही, आवाज थांबला तर जाग येईल. ती हे हसत सांगते.

आम्ही मोठ्या डॉक्टरांना भेटलो. "हे टीमवर्क असतं," एवढंच ते म्हणाले, आणि संमतीपत्राच्या 'व टीम'वर पेन ठेवलं. काकांना माणशी किती मिळतात हे त्यांच्याच एका जुन्या सहकाऱ्याने पुढे सांगितलं, तो आकडा इथे लिहीत नाही. वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली आहे, ती चालू आहे.

सर्जन कसा शोधायचा हे मला नंतर कुणी शिकवलं असेल तर त्या इकोवाल्या डॉक्टरबाईंनी. मी रेकॉर्ड घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा म्हणाल्या, "मला का नाही विचारलंत? ऑपरेशन झालेले पेशंट वर्षभराने माझ्याच टेबलावर येतात. कुणाची दुरुस्ती टिकते आणि कुणाची पुन्हा गळते, हे मी रोज बघते." सगळ्यांची शिलाई उलटून बघणारी बाई आमच्या समोर बसली होती, आणि मी सत्कारांचे फोटो मोजत होतो. इको करणाऱ्यांना विचारा, भूल देणाऱ्यांना विचारा. ते नाव उघड घेणार नाहीत कदाचित, पण 'तुमच्या सख्ख्या भावाला कुठे नेलं असतं' या प्रश्नावर माणूस थोडा वेळ गप्प बसतो आणि मग खरं बोलतो.

सर्जनला मात्र तोंडावर विचारायचं. गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने किती मायट्रल दुरुस्त केले, माझ्यासारख्या गळतीत शंभरातले किती दुरुस्तच होऊन बाहेर येतात, मुख्य टाके कोण घालणार. अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं तर म्हणतात की काहीच त्रास नसलेल्या पेशंटचं हे ऑपरेशन लवकर करायचं असेल, तर दुरुस्ती जमण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त हवी. म्हणजे आकडा विचारणं उद्धटपणा नाही, चांगल्या सर्जनला तो तोंडपाठ असतो. दुरुस्ती नाहीच जमली तर कुठला व्हॉल्व्ह बसवायचा हे आधी ठरवा आणि दोन्ही गोष्टी, सर्जनच्या पूर्ण नावासकट, संमतीपत्रात लिहून घ्या. 'व टीम'वर काट मारून घ्या. या प्रश्नांनी जो चिडेल त्याच्याकडून उठून यायचं, तारीख गेली तरी.

मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. आमची तक्रार त्यांच्या कानावर गेली नसावी, किंवा त्यांच्या यादीत दादा अजून 'यशस्वी'च्या रकान्यात असावा. आवाज तोच, मधाळ. "एक पेशंट जरा घाबरलेत, मायट्रलचंच आहे. दादांच्या वतीने दोन मिनिटं बोलाल का? तुमचा अनुभव ऐकला की त्यांना धीर येईल."

मी म्हटलं, "द्या ना नंबर."

आम्ही पाऊण तास बोललो.