चौदा महिने, एक नागपुरी उन्हाळा आणि ९४ टक्के बॅटरी

आधीच्या फोनची बॅटरी फुगली होती. रात्री स्क्रीनच्या कडेने उजेडाची बारीक रेघ दिसायची आणि मी समजत होतो, गोंद सुटला असेल. सीताबर्डीच्या दुकानातल्या पोराने प्लास्टिकची पट्टी त्या फटीत जेमतेम सरकवली, लगेच मागे घेतली. "भाऊ, आता याला चार्जिंगला लावू नका. पार उशी झाली बॅटरीची."

गेल्याच्या गेल्या दिवाळीत नवा फोन घेतला. धाकट्या भावानेही त्याच दिवशी तेच मॉडेल उचललं. त्यामुळे घरात आपोआप प्रयोगच सुरू झाला. मी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावली, म्हणजे तिथे पोचलं की चार्जिंग थांबतं. भावाने काहीच केलं नाही.

आज माझ्या फोनमध्ये बॅटरी हेल्थ, म्हणजे नवी असतानाच्या मानाने उरलेली क्षमता, ९४ टक्के दाखवतेय, त्याच्यात ८७. माझ्या २९० सायकल झाल्या, त्याच्या ४१०. सायकल म्हणजे चार्जर किती वेळा लावला ते नव्हे. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के खर्च झाले की मिळून एक सायकल. भाऊ फोन माझ्यापेक्षा जास्त झिजवतो, तेव्हा ही तुलना काही तराजूत तोललेली नाही. हेल्थचा आकडाही शेवटी फोनने बांधलेला अंदाजच.

पण आकडे कधी उतरले ते बघा. मार्चअखेर माझे ९९ होते. जुलैत ९५. त्यानंतर आजपर्यंत फक्त एक टक्का गेला. म्हणजे ८० ची मर्यादा वर्षभर सारखीच होती, मार मात्र बसला तो उन्हाळ्यात.

मी एमआर आहे, औषध कंपनीचा प्रतिनिधी. धंतोली, रामदासपेठ, मेडिकल चौक अशी दिवसभर फिरती, बाइकच्या हँडलला फोन, त्यावर नकाशा चालू. मे महिन्यात एकदा दुपारी दोनला सिग्नलवर स्क्रीन एकदम काळवंडली आणि फोन गरम झाल्याचा इशारा आला. पॉवरबँक जोडलेली होती, पण चार्जिंग त्याने स्वतःच थांबवलं होतं. हात लावला तर पोळला. घरी आणून मी शहाण्यासारखा तो फ्रिजमध्ये ठेवणार होतो. बायकोने अडवलं, बरं झालं. थंडगार फोन बाहेर काढला की आत दव धरतं आणि ते आणखी महागात पडतं. सावलीत, कव्हर काढून, बंद करून ठेवला की पुरतं.

ऍपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंशांचं हवामान सांगतं. आमच्याकडे मेमध्ये ३५ सकाळीच होऊन जातं, दुपारी सावलीतला पारा ४५ ला टेकतो. लिथियम-आयन बॅटरीत नको त्या रासायनिक क्रिया कायमच थोड्या थोड्या चालू असतात. कामाचं लिथियम त्यात अडकून पडतं, वायूही तयार होतो. माझ्या जुन्या फोनची उशी झाली ती त्यानेच. उष्णता या क्रियांना हवा देते, आणि बॅटरी शंभराजवळ भरलेली असेल तर आणखीच. भाऊ नेमकं हेच करतो. हिंगणा एमआयडीसीत जाताना फोन डॅशबोर्डवर, काचेतून ऊन, केबल लावलेली, चार्ज पूर्ण.

त्या दिवसापासून बाइकवर फोन खिशात असतो, रस्ता कानातल्या आवाजावर. चार्जिंग सकाळी अंघोळ-चहाच्या वेळेत, कूलरच्या खोलीत. वायरलेस चार्जर घेतला होता, त्यावर फोन तापतो, तो आता कपाटात. फास्ट चार्जिंगची मला भीती वाटत नाही. निम्म्यापर्यंतच ते जोरात जातं, मग फोनच वेग कमी करतो. रात्रभर लावल्याने बॅटरी 'ओव्हरफुल' होते हेही खरं नाही, फोन चार्जिंग तोडतो. फक्त भरल्या पोटी तासन्‌तास राहते, आणि उशीखाली ठेवला तर वर ऊबही.

८० चा त्रास आहे, लपवत नाही. काटोल, उमरेडचा दौरा असला की संध्याकाळी सहाला बॅटरी १५ वर येते. अशा दिवशी मर्यादा काढून शंभर भरतो आणि लगेच घराबाहेर पडतो. आठवड्यातून एखाद्या वेळी एवढं चालतं. शून्यापर्यंत उतरवून मग भरायची जुनी सवय मात्र सोडा, ती जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली.

आईचा फोन दिवसभर फ्रिजच्या डोक्यावर चार्जिंगला असायचा. तिथेच सॉकेट. "काहून रे, पूर्ण भरला तर बिल जास्त येते का?" मी एक्स्टेंशन ओढून दिलं, फोन खिडकीपाशी टेबलावर ठेवला. परवा गेलो तर टेबलावर लोणच्याची बरणी होती. फोन फ्रिजवर, शंभर टक्के.