सिलिंडर, पाइपलाइन की इंडक्शन? आधी लाइट बिल काढा

माझ्या मामेबहिणीने पुण्यात वाकडला फ्लॅट भाड्याने घेतला. नवरा-बायको दोघंच, दोघंही नोकरीवाले. सामान लावून होतंय तोवर तिचा फोन आला. "दादा, बिल्डिंगमध्ये गॅसची पाइपलाइन आहे, पण मालकांनी कनेक्शन घेतलेलं नाही. त्यांच्या मागे लागू, सिलिंडर घेऊ, की सरळ इंडक्शनवर भागवू? ऑफिसात सगळे म्हणतात इंडक्शन स्वस्त पडतं."

मी म्हटलं, आधी लाइट बिलाचा फोटो पाठव.

"गॅसचं विचारतेय मी, लाइटचं नाही!"

तर हा लेख त्या फोटोबद्दल आहे. कारण महाराष्ट्रात इंडक्शन स्वस्त की महाग हे शेगडीवर ठरत नाही, तुमच्या बिलातलं शेवटचं युनिट कुठल्या स्लॅबमध्ये, म्हणजे दराच्या कुठल्या टप्प्यात, पडतं त्यावर ठरतं.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातली उष्णता विजेच्या भाषेत मांडली तर साधारण १८० युनिटं होते. पण गॅसच्या शेगडीवर त्यातला बराच भाग भांड्याच्या कडेने वर निघून जातो. उन्हाळ्यात ओट्याशी उभं राहणाऱ्याला हे सांगायला नको, तो भाग आपल्याच अंगावर येतो. साठ-पासष्ट टक्के भांड्यात जातो असं धरा. इंडक्शनवर भांड्याचं बूडच तापतं, त्यामुळे ऐंशी-पंच्याऐंशी टक्के कामी येतं. म्हणजे एका सिलिंडरचं काम इंडक्शन साधारण १३० युनिटांत करतं. इथवर इंडक्शनवालेच जिंकले.

आता दर. महावितरणचं घरगुती युनिट शंभरापर्यंत, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि वीज शुल्क (सरकारचा कर) धरून, सहा-सात रुपयांना पडतं. १०१ ते ३०० मध्ये तेच बारा-तेरा रुपये होतं, आणि तीनशेच्या पुढे आणखी चढतं. सिलिंडर हिशोबाला नऊशे रुपयांचा धरू. १३० युनिटं सात रुपयांनी ९१० रुपये, म्हणजे बरोबरी. तीच १३० युनिटं साडेबारा रुपयांनी १,६२५. म्हणजे जवळपास दुप्पट.

शेगडी तीच, आमटी तीच.

आणि इथेच लोक फसतात. दिल्लीत २०१९ पासून महिना दोनशे युनिटांपर्यंत बिल शून्य येतं. तिथल्या कुणी व्हिडिओत "माझा स्वयंपाक फुकटात होतो" म्हटलं तर तो खोटं बोलत नसतो. फक्त तो पुण्यात राहत नाही. मुंबईत राहणाऱ्यांनीही बेस्ट, टाटा, अदानी यांपैकी ज्याचं मीटर असेल त्याचा दर बघावा. तिथले स्लॅब आणि दर वेगळे आहेत, माझे आकडे चालणार नाहीत.

माझा कागदावरच्या हिशोबावर फार विश्वास नाही, म्हणून सॉकेटला लावायचं छोटं मीटर आणून एकदा मोजलं. एक लिटर पाणी, झाकण ठेवून, इंडक्शनवर पूर्ण ताकदीने साडेतीन मिनिटांत उकळलं आणि ०.११ युनिट गेलं. आमच्या घरी शेवटचं युनिट साडेबाराचं, म्हणजे एक रुपया अडतीस पैसे. तेवढंच पाणी गॅसवर पाचेक मिनिटं घेतं आणि हिशोबाने सत्तर-पंच्याहत्तर पैशांचा गॅस जाळतं. बायको म्हणाली, "साठ पैशांसाठी मीटर आणलंस सातशे रुपयांचं!" तिचं म्हणणं खोडता येत नाही.

बहिणीचा फोटो आला. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, ती जागा बघायची. आधीचे भाडेकरूही दोघंच होते. आकडे ६८, ७४, ७१, आणि मे महिन्यात १३९. मे म्हणजे एसी.

दोन माणसांना, सकाळचा डबा आणि रात्रीचं जेवण धरून, सिलिंडर दोन महिने सहज जातो. म्हणजे सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर महिन्याला ६५ युनिटं वाढतील. सत्तरावर पासष्ट म्हणजे १३५. त्यातली तीस शंभराच्या आत, उरलेली पस्तीस वरच्या स्लॅबमध्ये. तीस सात्ते २१० आणि पस्तीस साडेबारे साधारण ४३७, मिळून साडेसहाशेच्या घरात. गॅसवर तेच साडेचारशे. पण चहा, दूध, भात, अंडी, मॅगी एवढंच इंडक्शनवर ठेवलं आणि तीस युनिटांत भागवलं, तर दोन्ही सारखेच पडतात आणि सकाळची घाई कमी होते ती वेगळी. एसी लागला की तेवढे दोन महिने इंडक्शन कपाटात.

चौघांचं घर, गिझर, वॉशिंग मशीन, मोठा फ्रिज, बिल आधीच दोनशे युनिटं, अशा घरात पूर्ण इंडक्शनचा नाद करू नये. तिथे प्रत्येक नवं युनिट महागच पडणार आणि तीनशे ओलांडलं की डोळे पांढरे.

याला एक मोठा अपवाद, छतावर सोलर असलेल्यांचा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे स्वतंत्र घरांवर पॅनेल भराभर चढताहेत. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरची जास्तीची वीज कंपनीला देऊन बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीत, वर्षअखेर शिल्लक राहिलेली युनिटं वीज कंपनी किरकोळ भावाने घेते. ती अशी देऊन टाकण्यापेक्षा त्यावर डाळ शिजवलेली बरी. साताऱ्याला माझ्या मोठ्या काकांकडे हेच चालतं. सकाळी दहानंतरचा स्वयंपाक इंडक्शनवर, आणि सिलिंडर चार-चार महिने पुरतो म्हणून काकू गावभर सांगत असतात. तुमच्याकडे सोलर असेल तर वरचा सगळा हिशोब विसरा आणि इंडक्शन घ्या.

भांड्यांचा खर्च कुणी सांगत नाही

इंडक्शनची शेगडी दोन-अडीच हजारांना येते. नंतर कळतं की घरातली निम्मी भांडी तिच्यावर चालत नाहीत. फ्रिजवरचं मॅग्नेट काढा आणि एकेका भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल. ॲल्युमिनियमचा जुना कुकर, पितळेचं पातेलं, तांब्याचा तळ, हिंडालियमची कढई सगळी बाद. मोदकपात्र बहुतेकांचं ॲल्युमिनियमचंच असतं, तेही बाद, आणि हे लक्षात येतं गणेश चतुर्थीच्या सकाळी. उलट ज्याला आपण अडगळीत टाकलेलं असतं तो बिडाचा तवा उत्तम चालतो, फक्त बूड सपाट हवं. आजीचा भाकरीचा खोलगट तवा काचेवर डुगडुगतो. कुकर, तवा, कढई नवी घ्यायची म्हणजे आणखी चार-पाच हजार धरा.

कुठल्याही भांड्यावर चालणारी इन्फ्रारेड शेगडीही दुकानदार दाखवेल. ती आधी स्वतः तापते, मग भांडं तापवते, म्हणजे इंडक्शनची खरी करामत तिच्यात नाही. भांडी वाचतील, वीज वाचणार नाही. शिवाय बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देते. लहान मूल असेल तर मी ती घरात आणणार नाही.

दुसरी अडचण मंद आचेची. स्वस्त इंडक्शनवर ताकद कमी केली की ते खरं तर मंद होत नाही. काही सेकंद जोरात, काही सेकंद बंद, असं चालू-बंद करत राहतं. त्यामुळे पिठलं मध्ये रटरटतं आणि मग एकदम गप्प होतं, आणि बूड तेवढ्यात लागतं. खीर, बासुंदी, रव्याचा शिरा या गोष्टींत मी दोनदा तोंडावर आपटलोय. आतली कॉइल जेमतेम वाटीभर मोठी असते, म्हणून पोळी मध्ये करपते आणि कडेने कच्ची राहते. तवा सरकवत बसावं लागतं.

आणि भाकरी. ज्वारीची भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकली की विस्तवावर टाकायची, ती टम्म फुगते. इंडक्शनवर विस्तव नाही. आमची आई फडक्याने दाबून तव्यावरच फुगवते, पण तो हात सगळ्यांना नसतो. भरताचं वांगं, पापड, वाटणासाठी जाळावर भाजलेला कांदा आणि खोबऱ्याची वाटी, यातलं काहीच जमत नाही. तुमच्या घरी आठवड्यात चार वेळा भाकरी होत असेल तर पैशांचा हिशोब करायचीही गरज नाही.

कुकर मात्र इंडक्शनवरच लावावा असा लागतो. टायमर लावायचा आणि आंघोळीला जायचं. शिट्ट्या मोजायला कुणाला बसवावं लागत नाही.

घेताना एक बघा, दोन हजार वॉटची शेगडी जाड पिनच्या १६ अँपिअर सॉकेटलाच लावायची. ओट्यावर मिक्सरसाठी दिलेल्या छोट्या सॉकेटला अडॅप्टर लावून चालवू नका. आमच्या आधीच्या भाड्याच्या घरात मी नेमकं हेच केलं होतं. एका संध्याकाळी जळक्या प्लास्टिकचा वास आला, बघतो तर सॉकेटची एक बाजू वितळलेली. आणि हो, शेगडीच्या पंख्याच्या जाळीतून आत झुरळं जातात, त्यांना ऊब आवडते. रात्री पुसून उभी करून ठेवायची.

सिलिंडर की पाइपलाइन

पैशांत दोन्हींमध्ये फार फरक नाही. एका सिलिंडरइतकं काम पाइपच्या साधारण १८ घनमीटर गॅसमध्ये होतं. तुमच्या शहरातला घनमीटरचा दर त्याला गुणा, आकडा सिलिंडरच्या आसपासच येतो. फरक आहे तो डोक्याच्या तापाचा. सिलिंडर पाहुणे आले की संपतो. मग बुकिंग, ओटीपी, आणि ज्या दिवशी तुम्ही दोघं ऑफिसात असता नेमका त्याच दिवशी येणारा माणूस. जिना चढायचे वरचे वीस-तीस रुपये वेगळे. पाइपलाइनचं तसं काही नाही. जेवढा वापरला तेवढ्याचं बिल येतं, ओट्याखालची जागा रिकामी राहते, आणि गॅस हवेपेक्षा हलका असल्याने गळती झालीच तर तो वर जातो, खिडकीतून निघायची शक्यता जास्त. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. सिलिंडरवाल्यांनी रबरी नळीवरची तारीख आजच बघावी, पाच वर्षं झाली असतील तर बदलावी. गळतीसाठी १९०६ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

पाइपलाइनची खोट एवढीच की ती घराला चिकटलेली असते. अनामत परत मिळते, पण कनेक्शन मालकाच्या संमतीशिवाय होत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस कशाला एवढं करेल? बरोबर घेऊन फिरता येईल असं सिलिंडरचं कनेक्शनच त्याला सोयीचं. शेगडी पाइपलाइनवर न्यायची तर बर्नरचे जेट (गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलावे लागतात, तेही माहितीच्या माणसाकडूनच.

आणखी एक गोष्ट आहे, ती घरात बसून दिसत नाही. आपल्या देशात लागणारा स्वयंपाकाचा गॅस साधारण साठ टक्के बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक आखाती देशांतून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. तिकडे काही खुट्ट झालं की इकडे एजन्सीसमोर रांग लागते. पाइपमधून येतो तो नैसर्गिक वायूही देशाला बराचसा आयातच करावा लागतो. वीज बव्हंशी आपल्याच कोळशावर होते, ती अशी अडत नाही, पण मग "इंडक्शन म्हणजे पर्यावरणस्नेही" हे ऐकताना चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची धुराडी आठवायला हवीत. धूर आपल्या स्वयंपाकघरातून तिथे गेला एवढंच. आपल्या फुप्फुसांसाठी मात्र इंडक्शन चांगलं, कारण गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि आपली स्वयंपाकघरं काही फार हवेशीर नसतात.

म्हणून मी कुठल्याही घरात एकच साधन ठेवा असं सांगत नाही. मुख्य चूल गॅसची, पाइप असो वा सिलिंडर, आणि शेजारी एक साधी इंडक्शन. लाइट गेली तर गॅस आहे, गॅस संपला तर इंडक्शन आहे. हॉस्टेलवाले आणि एकटे राहणारे यांनी फक्त इंडक्शन घेतलं तरी चालेल, त्यांचा वापर शंभर युनिटांच्या आतच राहतो. आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर इंडक्शन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बहिणीने पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एक इंडक्शन घेतलं. छोट्या सिलिंडरला पत्त्याच्या पुराव्याची कटकट नसते, पण किलोमागे तो महाग पडतो हे मी तिला सांगितलं होतं. परवा पुन्हा फोन आला, "दादा, मालक पाइपलाइनला हो म्हणालेत, पण अनामत तुम्हीच भरा म्हणतात. भरू का?" करार किती महिन्यांचा उरलाय, ते मी तिला विचारलंय.