८ जीबीला ८ जीबीची जोड: घरच्या संगणकातील रॅमचे परीक्षण

घरचा डेस्कटॉप संगणक ८ जीबी रॅमवर, म्हणजे चालू कामासाठीच्या तात्पुरत्या मेमरीवर, चालत होता. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, शेजारी मोठी एक्सेल फाइल आणि त्यातच व्हिडिओ कॉल अशी वेळ आली की तो अडखळू लागे, म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी त्यात डीडीआर४ या पिढीची, ३२०० (मेगाट्रान्स्फर प्रति सेकंद) वेगाची ८ जीबीची आणखी एक स्टिक (रॅमची पट्टी) बसवली.

खरेदीपूर्वी आठवडाभर मी विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील (संगणकावरील ताण दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधील) मेमरीच्या पानावर लक्ष ठेवले होते. तेथे बहुतेक जण ‘इन यूज’चा आकडा पाहतात, परंतु मला ‘कमिटेड’ हा आकडा अधिक उपयोगी वाटला, कारण चालू प्रोग्रॅमना एकूण किती मेमरी देऊ केलेली आहे, हे त्यातून कळते. माझ्याकडे तो कामाच्या वेळी ११ जीबीपर्यंत जाई. देऊ केलेली सगळी मेमरी एकाच वेळी वापरली जात नाही, हे खरे. पण हा आकडा रोजच रॅमच्या बराच वर राहत असेल आणि त्याच वेळी डिस्कही सतत गुंतलेली दिसत असेल, तर जागा अपुरी पडत आहे असे समजावे. रॅममध्ये न मावलेला भाग विंडोज डिस्कवरील पेज फाइलमध्ये ठेवते, आणि रॅमचा हिशेब नॅनोसेकंदांत चालतो तेथे एसएसडीचा मायक्रोसेकंदांत व जुन्या हार्ड डिस्कचा मिलिसेकंदांत चालतो.

नवी स्टिक मी उत्साहाने जुनीच्या लगतच्या खाचेत बसवली. टॅब बदलताना होणारा खोळंबा त्याच दिवशी थांबला. ग्राफिक्सच्या कामात मात्र काहीच फरक पडला नाही, तेव्हा मदरबोर्डची पुस्तिका उघडली (जी आधी उघडायला हवी होती) आणि चारपैकी दुसरी व चौथी खाच वापरायची असते, हे लक्षात आले. लगतच्या दोन खाचा एकाच चॅनेलच्या (रॅम व प्रोसेसर यांच्यातील मार्गाच्या) असल्याने माझा संगणक सिंगल चॅनेलवरच चालला होता. जागा बदलल्यावर ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही मार्ग एकाच वेळी, सुरू झाले आणि मुलाचा खेळ ठळकपणे सुरळीत चालू लागला. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स मुख्य रॅमचाच वापर करत असल्यामुळे त्याला या वाढीव वेगाचा थेट लाभ होतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असणाऱ्यांना हा फरक एवढा जाणवणार नाही.

स्टिकबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवूनही एकही चूक आढळली नाही. वेष्टनावर मिरवलेला ३२०० हा वेग मात्र मला मिळाला नाही, कारण माझी जुनी स्टिक २६६६ची आहे आणि अशा जोडीत दोन्ही स्टिक कमी वेगाच्या स्टिकशी जुळवून घेतात. वरचे धातूचे आवरण निव्वळ शोभेचे आहे.

मग ३२ जीबी का नको? भावाकडून १६ जीबीच्या दोन स्टिक आठवडाभर मागून आणल्या, तेव्हा ‘कमिटेड’ १४ जीबीच्या पुढे गेले नाही आणि उरलेली बरीच जागा विंडोजने फाइलींच्या कॅशेसाठी (पुन्हा लागू शकणाऱ्या फाइली हाताशी ठेवण्यासाठी) वापरली; माझ्या कामाच्या वेगात फरक शून्य. व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) चालवणाऱ्यांना किंवा ४के व्हिडिओचे संपादन करणाऱ्यांना ३२ जीबीची गरज पडू शकते. दुसऱ्या टोकाला, विंडोज ११ची किमान अट ४ जीबीची आहे, पण तेवढ्यावर संगणक सुरू होतो एवढेच म्हणता येईल. केवळ पत्रव्यवहार, चित्रपट आणि मोजके टॅब एवढाच वापर असेल तर ८ जीबीवर आजही भागते.

लॅपटॉपच्या बाबतीत माझा सल्ला वेगळा आहे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते व नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे तेथे सुरुवातीलाच १६ जीबी घ्यावी. डेस्कटॉपसाठी खरेदी करताना डीडीआर४ की डीडीआर५ हे आधी तपासावे. दोन्हींच्या स्टिकच्या कडेवरील छोट्या खोबणीची जागा वेगळी असल्याने एकाची स्टिक दुसऱ्याच्या खाचेत बसतच नाही. माझ्या मदरबोर्डवरील पहिली व तिसरी खाच मी तूर्त रिकामीच ठेवली आहे.