मिरजेतली सेन्सरवरची चाल-तपासणी: घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी

पॅरालिसिसचा किंवा पार्किन्सनचा रुग्ण दारातून आत येतानाच त्याच्या चालीतला दोष अनुभवी डॉक्टरला दिसतो. मात्र तीन महिन्यांच्या व्यायामाने चाल किती सुधारली, हे नजरेने ठरवता येत नाही. मिरजेतल्या एका न्यूरो-फिजिओ केंद्रात त्यासाठी अंगाला सेन्सर बांधून चाल मोजून देतात. तपासणी घेण्यासारखी आहे, रिपोर्ट मात्र जपून वाचावा लागतो.

सेन्सर सहा. दोन पावलांवर, दोन मनगटांवर, एक छातीवर आणि एक कमरेमागे मणक्यावर. आधी रुग्णाला काही सेकंद अजिबात न हलता उभं करतात, कारण यंत्र आपला शून्य तिथे धरतं. कंप असलेल्या किंवा तोल जाणाऱ्या रुग्णाला हे जमत नाही आणि पुढचे कोन चुकतात. मग १० मीटर सरळ चाल. वेग घ्यायला आणि थांबायला दोन्ही टोकांना २-२ मीटर जास्तीची जागा हवी, ती इथे आहे. त्यानंतर खुर्चीतून उठून ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. शेवटी तेच चालणं, पण १०० मधून तीन-तीन वजा करत.

या केंद्राचं खरं बळ वळण आणि हे वजाबाकीचं चालणं मोजण्यात आहे. पार्किन्सनचा रुग्ण सरळ रेषेत बरा चालतो आणि वळताना अडकतो. किती पावलांत वळला, किती सेकंद लागले, कोणत्या बाजूला जास्त, हे आकडे पडण्याच्या धोक्याबद्दल वेगापेक्षा जास्त सांगतात. पाऊल जमिनीला चिकटून पाय जागच्या जागी थरथरतात, तेव्हा ३ ते ८ हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ३ ते ८ वेळा होणारं कंपन वाढतं. नुसत्या स्टॉपवॉचला ते कळणार नाही. अथणी, चिकोडीकडच्या रुग्णांना वजाबाकी कन्नडमध्ये करू देतात, हे योग्यच. शाळा न शिकलेल्यांना त्याऐवजी भाज्यांची नावं सांगत चालवावं, म्हणजे मोजमाप चालीचं होईल, गणिताचं नाही.

आता उणिवा. सेरेबेलमच्या, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या आजारात रुग्ण पाय फाकवून चालतो. दोन पावलांमधलं ते आडवं अंतर या सेन्सरना नीट मोजता येत नाही, त्याला दाब मोजणारी चटई किंवा कॅमेरे लागतात. तरीही रिपोर्टमध्ये त्याचा आकडा छापून येतो. त्यावर विसंबू नये. दुसरं, पाय फरफटत अगदी हळू चालणाऱ्याची काही पावलं सॉफ्टवेअर गाळतं, कारण टाच टेकल्याचा ठळक धक्काच त्याला मिळत नाही. अशा रुग्णाचा व्हिडिओ सोबत मागून घ्यावा आणि पावलं हाताने मोजून ताडून पाहावीत.

कपड्यांचा प्रश्न इथे फार येतो. नऊवारी असो की पाचवारी, कमरेच्या कपड्यावर बांधलेला पट्टा निऱ्यांबरोबर सरकतो आणि कंबर झुकल्याचा खोटा आकडा निघतो. धोतराचंही तेच. सलवार किंवा ट्रॅक पँट सोबत न्यावी. चप्पल सैल असेल तर पावलावरचा सेन्सर वेगळाच हलतो, म्हणून मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट बरे. घरात अनवाणी चालणाऱ्याची एक फेरी अनवाणी घ्यायला सांगावी. घोट्याला स्प्लिंट असेल तर ते घालून एकदा आणि काढून एकदा. पाऊल लोंबण्यावर स्प्लिंटचा किती उपयोग होतो, हे त्याशिवाय समजणार नाही.

सोबतच्या माणसाने शेजारून चालू नये, रुग्ण नकळत त्याचा वेग धरतो. अर्धं पाऊल मागे राहावं, रुग्णाला सावरायचा कमरेचा पट्टा हाताशी ठेवून.

वेळेची नोंद केंद्रात अनेकदा राहून जाते, तेव्हा ती आपणच लिहवून घ्यावी. पार्किन्सनवरची लेव्होडोपाची गोळी घेऊन तास झाला आहे की तिचा असर उतरत आलाय, यावर सगळे आकडे फिरतात. जत किंवा आटपाडीहून एसटीने आलेल्याला आल्या आल्या चालवू नये, अर्धा तास बसू द्यावं.

रिपोर्टमध्ये आधी वेग पाहावा. निरोगी प्रौढ साधारण सेकंदाला १.२ ते १.४ मीटर चालतो. पॅरालिसिसनंतर ०.४ च्या खाली चाल घरापुरती, ०.८ च्या वर बाहेर एकट्याने जाण्याजोगी, असा ठोकताळा आहे. नंतर दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ पाहावा. नेहमीच्या चालीत तो चालीच्या एका चक्राच्या (एका टाचेच्या टेकण्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या) वेळेच्या सुमारे २० टक्के असतो, तोल बिघडला की वाढतो. हिरव्या-लाल रंगांनी घाबरू नये. ती तुलना सॉफ्टवेअरमधल्या ठरावीक निरोगी गटाशी असते आणि ठेंगण्या माणसाचं पाऊल आखूडच पडणार.

दोन तपासण्यांमध्ये वेगाचा फरक सेकंदाला ०.१ मीटरपेक्षा कमी असेल तर त्याला सुधारणा म्हणायची घाई नको. पुन्हा जाताना तीच चप्पल, तीच काठी आणि गोळीनंतरची तीच वेळ ठेवावी.