लिरियनचं आयट्यून्स प्लगइन: याद्या येतात, पण वाट आपणच दाखवायची

लॉजिटेकने २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स हा नेटवर्कवरून गाणी वाजवणारा प्लेअर गुंडाळला, पण त्याला गाणी पुरवणारा सर्व्हर प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी जगवला. २०२४ पासून त्याचं नाव लिरियन म्युझिक सर्व्हर आहे. ॲपलच्या आयट्यून्स किंवा म्युझिक या प्लेअरमध्ये जमवलेल्या प्लेलिस्ट या सर्व्हरवर आणायचं काम आयट्यून्स प्लगइन करतं. नुसती गाणीच हवी असतील तर याच्या वाटेला जाऊच नका. गाण्यांचा फोल्डर थेट स्कॅन केला की झालं. खरा उपयोग वर्षानुवर्षांच्या याद्यांसाठी.

हे सिंक एकतर्फी आहे. प्लगइन ॲपलची एक्सएमएल फाइल (लायब्ररीतली गाणी आणि याद्या यांची नोंद) वाचतं, तिच्यात काही लिहीत नाही. लिरियनमध्ये यादी बदलली तरी आयट्यून्सला पत्ता लागत नाही. स्मार्ट प्लेलिस्टही एक्सपोर्टच्या क्षणी जशी होती तशी गोठून येते.

‘नवी गाणी येतच नाहीत’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा याच फाइलीत असतं. विंडोजवरच्या आयट्यून्स १२ मध्ये प्रेफरन्सेस, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन लायब्ररीची एक्सएमएल इतर ॲप्सना देण्याची खूण चालू करा. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून म्युझिक ॲप ही फाइल आपोआप लिहीत नाही. फाइल, लायब्ररी, एक्सपोर्ट लायब्ररी असं दर वेळी हाताने करावं लागतं. गंमत म्हणजे जुनी एक्सएमएल डिस्कवर तशीच पडून असते, प्लगइन ती इमानेइतबारे वाचतं आणि कुठेही एरर दिसत नाही. म्हणून आधी फाइलीची तारीख बघा.

सर्व्हर वेगळ्या मशीनवर, समजा लिनक्सच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) असेल, तर घोडं पाथपाशी, म्हणजे फाइलीच्या पत्त्यापाशी अडतं. एक्सएमएलमध्ये प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता असतो, सी ड्राइव्हपासून सुरू होणारा. नॅसला सी ड्राइव्ह काय माहीत! प्लगइनच्या सेटिंगमधला म्युझिक फोल्डर त्यासाठीच आहे: पत्त्याचा सुरुवातीचा भाग काढून तिथे तुमचा फोल्डर लावला जातो. एक्सएमएल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, वरच ‘म्युझिक फोल्डर’ची ओळ सापडेल. तिच्यातला शेवटचा फोल्डर ‘आयट्यून्स मीडिया’ असेल तर नॅसवरही तोच द्या. त्याच्या आतला ‘म्युझिक’ दिला तर पाथ चुकतो. या फोल्डरबाहेर विखुरलेली गाणी अशा अदलाबदलीत सापडत नाहीत. आयट्यून्समध्ये ‘कन्सॉलिडेट फाइल्स’ करून ती आधी एकत्र आणा. लिनक्सवर इंग्रजी अक्षरांचं लहान-मोठेपणही पाळलं जातं, विंडोजवर ते खपून जातं.

मराठी नावांच्या फाइली असतील तर आणखी एक खोच. ‘वाऱ्यावर’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर, किंवा र आणि खाली नुक्ता. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क दुसरा प्रकार वापरते. नेटवर्कवरून कॉपी करताना नॅसवर पहिला प्रकार गेला, की डोळ्यांना सारखी दिसणारी नावं लिनक्सच्या लेखी वेगळी. नेमकी ऱ असलेली (किंवा फ्रेंच नावांतली चिन्हवाली) गाणीच गायब असतील, तर आधी इथेच संशय घ्या. एक्सएमएलमधले पत्ते टक्केवारीच्या चिन्हांत एन्कोड केलेले असल्याने आख्ख्या फाइलीवर युनिकोड बदलणारं टूल चालवून उपयोग नाही. एडिटरमध्ये तो एन्कोड केलेला तुकडाच शोधून बदलावा लागतो.

प्रत्येक गाणं दोनदा दिसत असेल तर लिरियनचा मीडिया फोल्डर आणि प्लगइनचा फोल्डर वेगवेगळ्या माउंटवरून (एकाच डिस्कपर्यंत जाणाऱ्या वेगळ्या वाटांवरून) दिलेले असतात. दोन्हीकडे अक्षरशः एकच पाथ ठेवा आणि लायब्ररी रिकामी करून पूर्ण स्कॅन करा.

ॲपल म्युझिकच्या सदस्यत्वातली गाणी मात्र येणार नाहीत. ती कुलूपबंद असतात.

एवढं करूनही यादी अर्धवट आली तर लॉगिंगच्या सेटिंगमध्ये आयट्यून्स प्लगइनची नोंद ‘डीबग’वर टाका, पुन्हा स्कॅन करा आणि पोर्ट ९००० वरून ब्राउझरमध्ये स्कॅनर लॉग उघडा. न सापडलेल्या गाण्याचा पाथ तिथून उचला आणि नॅसवरच्या खऱ्या पाथशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.